खालची अक्षरं

दाताच्या डॉक्टरांकडे टीव्हीचा आवाज नेहमी बंद असतो. काल त्यावर तीच सार्वजनिक वृत्तवाहिनी लागली होती, जिच्यावर मी एकदा दिसले होते. निवेदिकेखाली अक्षरं सरकत होती, आणि मला इथलंच, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचं आमचं जुनं घर आठवलं.

तेव्हा ती वाहिनी नुकतीच दिवसभर बातम्या देऊ लागली होती. एवढे तास भरायचे, म्हणून त्यांची माणसं रहिवाशांशी बोलायला आमच्या इमारतीतही आली. मी कांदेपोहे केले, काठपदराची साडी नेसले आणि कॅमेऱ्याच्या दिव्यात घामाघूम होत, नोकरी सांभाळून शिकलेल्या जर्मनमध्ये भरभरून बोलले.

कार्यक्रम लागला तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाई हरखल्या. "अगं, तुझ्या बोलण्याचं खाली भाषांतर येतंय!"

"नाइन, आजी," माझी लेक म्हणाली. "दास इस्ट आउख डॉइच."

म्हणजे खालीही जर्मनच होतं. माझीच वाक्यं, शब्द न् शब्द.

मी हसले. वाटलं, आपलेच उच्चार कच्चे.

आज मात्र डोकं फिरतं. त्याच कार्यक्रमात माझ्याआधी शेजारचे जर्मन आजोबा बोलले होते, त्यांच्या खेड्यातल्या बव्हेरियन बोलीत, तोंडातल्या तोंडात. हॅम्बुर्गहून आलेला जर्मन कॅमेरावालासुद्धा त्यांना सारखा "वी बिट्टे?", काय म्हणालात, असं विचारत होता.

त्यांच्याखाली एक अक्षरही आलं नव्हतं.