ठकीचा पाय आणि माझा अप्पा

माझ्या अप्पाला राग येत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सुपरवायझर त्याची ठरलेली सुट्टी दुसऱ्याला देऊन टाकतो, अप्पा म्हणतो, असू दे. रिक्षावाला भलत्याच चौकात उतरवतो, अप्पा म्हणतो, तेवढंच चालणं झालं. नाव बाळाप्पा, वय अठ्ठावन्न. तारिहाळच्या एका कारखान्यात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, सव्वीस वर्षं झाली. जळालेल्या मोटारीतली जुनी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, एवढंच काम. पण त्यानं भरलेली मोटार सहा महिन्यांत परत आली, असं कधी झालेलं नाही. रविवारीही अंगणात पोतं टाकून गल्लीतले पंखे आणि मिक्सर उघडून बसतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं पाणी वरच्या टाकीत चढतं ते अप्पाच्या हातामुळे.

आम्ही राहतो उणकलला. सगळी गल्ली कन्नड, मराठी बोलणारी दोनच घरं, एक आमचं आणि शेजारचं अंबूताईंचं. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या घरी सोवळं-ओवळं. अंबूताई मराठी शाळेत शिक्षिका होत्या. चौथीत मी त्यांच्याच वर्गात होते, म्हणून मी त्यांना अजून बाईच म्हणते. मी आता एका दवाखान्यात नर्स आहे, दिवसाला वीस-वीस ड्रेसिंग करते, तरी त्यांच्यासमोर गेले की आपोआप हात मागे बांधले जातात. याचाही मला राग आहे.

तर या बाईंच्या घरी कोंबडी. ज्या घरात अंड्याचं नाव घेतलं की नाक मुरडतात, तिथं! गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात वेदश्री पुण्याहून आली होती. तिनं सायकलवरून पिल्लं विकणाऱ्याकडून दोन रंगवलेली घेतली, एक हिरवं, एक गुलाबी. हिरवं मांजरानं नेलं. नात पुण्याला गेली आणि गुलाबी बाईंच्या गळ्यात पडलं. ते वाढून तपकिरी झालं, त्याची ठकी झाली. बाई तिला दहीभात कालवून घालायच्या, तिच्याशी तासन्‌तास बोलायच्या. तिनं अंडं दिलं की भिंतीवरून आमच्याकडे द्यायच्या. "ने बाई, माझ्या डोळ्यांसमोर नको."

आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्या सकाळी सगळी गल्ली घागरी घेऊन बाहेर असते. पेपर नाही वाचला तरी चालतं, पाण्याच्या दिवशी सगळं सगळ्यांना कळतं. तसाच पाण्याचा दिवस होता. ठकी आमच्या अंगणात उतरली. अप्पानं तिला नेहमीसारखी दोन्ही हातांत उचलली आणि भिंतीवरून बाईंच्या हातात दिली. बाईंनी पाहिलं, तिच्या उजव्या पायाला रक्त होतं, पाय सुजला होता.

बाई तशाच रस्त्यावर आल्या आणि कन्नडमध्ये ओरडल्या. आमच्याशी एरवी त्या मराठीच बोलतात. पण त्या दिवशी कन्नड, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत कळावं! "कोळी तिन्नो मंदी नीव!" तुम्ही कोंबड्या खाणारी माणसं. बाळाप्पानं तारेचा फास लावून माझी ठकी धरायला बघितली, म्हणाल्या. तारेशिवाय असा पाय कापेल का? आणि तार कुणाच्या अंगणात असते?

मी कळशी आदळली आणि बोलायला तोंड उघडलं, तर अप्पानं माझा हात धरला. स्वतः एक शब्द बोलला नाही. मान खाली घालून घागर भरली आणि घरात गेला.

झालं. गल्लीनं एका मिनिटात विश्वास ठेवला. वरच्या माळ्यावरचा पुंडलिक संध्याकाळी येऊन अर्धा उघडलेला मिक्सर तसाच घेऊन गेला. "राहू दे बाळाप्पा, दुसरीकडे दाखवतो." दुर्गव्वा, जी दर रविवारी स्वतः कोंबडीचा रस्सा करते, तिनं आपल्या कोंबड्या टोपलीखाली डालून ठेवल्या. आमच्यासमोर, आम्हाला दिसेल अशा! मला तिची डाल उचलून रस्त्यावर फेकावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी बाई भिंतीशी आल्या. ठकी पाय टेकत नव्हती, एक बोट काळपट पडलं होतं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर रजेवर. झालेल्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही, वर मला विचारतात, "प्रीती, तू नर्स आहेस की गं. जरा बघतीस का?"

"नाही बघत," मी म्हणाले. "कोंबड्या खाणाऱ्यांच्या हातात कशाला देता?"

आतून अप्पा म्हणाला, "जा की गं पोरी. बाईंचं नको बघूस, कोंबडीचं बघ."

मी गेले, पण दात-ओठ खात गेले. बाईंना ठकीला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायला सांगितलं आणि पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला. बाईंनी दोन दिवस हळदीचे थरावर थर दिले होते. ते भिजून सुटायला दहा मिनिटं लागली. हळद गेली, खपली मऊ झाली, आणि आत घोट्याच्या वर मांसात रुतलेलं एक काळं वळं दिसलं. तार नव्हती. चिमट्यानं कड उचलली, बारीक कात्रीनं दोन ठिकाणी कापलं आणि ओढून काढलं. ठकीनं एकदाच पाय झाडला. माझ्या तळहातावर काळ्या दोऱ्याचा तुकडा होता, गाठी मारलेला.

बाईंचा चेहरा पडला. "दृष्ट लागू नये म्हणून..." त्या म्हणाल्या. "ते हिरवं पिल्लू गेलं ना, तेव्हा मीच बांधला होता."

लहान मुलांच्या पायात बांधतात तसा. मुलांचा दोरा आई वर्षातून दोनदा बदलते, सैल करते. कोंबडीचा कोण बदलणार? पाय वाढत गेला, दोरा तेवढाच राहिला आणि कातडीत रुतून दिसेनासा झाला. जी माया करायला गेल्या तिनंच पाय कापत आणला. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही. मी जखम धुतली, मलम लावलं, सैल पट्टी बांधली, खोक्यात कागद घालून तिला वेगळी ठेवायला सांगितलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या मागच्या दाराशी आल्या, लाडवांचा डबा घेऊन. इकडं-तिकडं बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "अप्पाला सांग, माझं चुकलं."

मराठीत! जी भाषा गल्लीत फक्त आम्हालाच कळते, त्या भाषेत!

"बाई," मी म्हणाले, "ओरडलात कन्नडमध्ये आणि माफी मराठीत? चौथीत मी मैत्रिणीवर पेन्सिलचोरीचा खोटा आळ घेतला होता, तेव्हा तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. आळ मोठ्यानं घेतलास ना, मग माफीही मोठ्यानं माग, म्हणालात. पाण्याच्या दिवशी या. नळावर. कन्नडमध्ये."

"माझ्या वयाचा तरी मान ठेव की गं."

"अप्पाला वय नाही का?"

त्या डबा घेऊन परत गेल्या. त्यानंतर चार दिवस मी रोज जाऊन ठकीची पट्टी बदलली. बोटाचा काळेपणा उतरत होता.

शनिवारी पाणी आलं. सगळी गल्ली नळावर होती, अप्पाही होता. बाई घागर न घेता आल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला. आवाज वर्गातलाच लागला.

"बाळाप्पंद तप्पिल्ल. दारा नान कट्टिद्दे. नंद तप्पात." बाळाप्पाची चूक नाही, दोरा मीच बांधला होता, चूक माझी झाली.

खरं सांगते, त्या क्षणी मला बाईंबद्दल आदर वाटला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ते सोपं नव्हतं. पण गल्ली! पुंडलिक म्हणाला, आम्हाला माहीतच होतं, बाळाप्पा असलं कधी करायचा नाही. दुर्गव्वानं मान डोलावली. लाज वाटायला थोडी तरी लाज लागते!

अप्पा म्हणाला, "असू दे बाई. घागर आणा, पाणी जाईल."

घरी आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "त्या दिवशी तू का बोलला नाहीस? एक वाक्य तरी बोलायचंस!"

अप्पानं मोरीमागून रंगाचा एक जुना डबा आणला आणि माझ्यापुढं ठेवला. आत तारेचे तुकडे होते, नखाएवढे, केसाएवढे, काठोकाठ.

"बाई ओरडल्या तवा मला वाटलं, माझ्याच तारेनं झालं असंल," तो म्हणाला. "कामावरनं आल्यावर सगळं अंगण चाळलं. काय बोलू? मलाच खात्री नव्हती."

सव्वीस वर्षांत ज्याचा एक वेढा चुकला नाही, त्या माणसाची स्वतःवरची खात्री एका ओरडण्यानं गेली होती. बाईंनी माफी मागितली ती आळ घेतल्याची. याची कुणी मागायची?

दुसऱ्या दिवशी रविवार. पुंडलिकानं मिक्सर परत आणून दिला होता. अप्पानं पोतं अंगणात टाकलं नाही. तारेचे तुकडे उडून बाहेर जायला नकोत म्हणून घरात बसला, पंखा बंद करून, दार लावून. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी उठून दार सताड उघडलं. त्यानं ते परत लावून घेतलं.