लुंग खाम्फाय नदी समुद्राला नेतात

आमच्या गावची होड्यांची शर्यत आजवर कुणी धड ऐकलेली नाही. दोष सगळा लुंग खाम्फाय यांचा. लुंग म्हणजे काका, आणि ते अख्ख्या गावाचेच काका. वर्षभर ते मिठात मासे घालून माठांत मुरवतात आणि विकतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर माणसं आधी वाऱ्याची दिशा बघून उभी राहतात. पण भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपून मेकाँग नदीवर शर्यतीच्या लांबलचक होड्या उतरल्या, की लुंग इस्त्रीचा शर्ट चढवतात आणि माइकसमोर बसतात.

आमचा काठ थायलंडचा, समोरचा लाओसचा. दोन्ही काठांची एकेक होडी, आणि दोन्ही काठांवर एकेक भोंगा, एकमेकांकडे तोंड करून.

"अहेम! बंधुभगिनींनो! ही आपली माता उगम पावते ती तिबेटच्या बर्फात!"

तोवर होड्या सुटलेल्या असतात. लुंगची नदी चीनच्या डोंगरांत धडपडत असते, तेव्हा इकडे वल्हेकरी निम्म्या वाटेवर. फ्रेंच साहेबानं नकाशावर रेघ मारून दोन काठांचे दोन देश केले तिथवर नदी येते, तेवढ्यात लोक आरडाओरडा करतात आणि लुंग दचकून म्हणतात, "अरेच्चा, संपली वाटतं!"

लगेच पलीकडून पा विएंगसायचा भोंगा वाजतो. पा म्हणजे मावशी; लाओसच्या बाजूचं बोलणं तिच्याकडे. "लाओस जिंकलं हो!" आमचे लोक ओरडतात, "आम्ही जिंकलो!" दोन्ही काठ विजयी होऊन घरी जातात आणि चिकट भाताबरोबर मासे भाजून खातात. इतकी सोय जगात दुसऱ्या कुठल्या सीमेवर असेल असं मला वाटत नाही.

यंदा मात्र जिल्ह्याचे पाहुणे येणार होते. सरपंच प्राचुआप म्हणाले, "लुंग, यंदा नदी बर्फातच राहू द्या. माइक कोपकडे द्या."

कोप म्हणजे बेडूक, म्हणजे मी. वय सोळा, गुण एकच: नकला. लुंगची नक्कल तर मी अशी करते की एकदा त्यांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून मलाच दम दिला, "आधी ते माठ उचला, मग भाषण ठोका!"

लुंग माइक पुसत एवढंच म्हणाले, "इतक्या वर्षांत माझी नदी एकदाही समुद्राला पोचली नाही गं. यंदा नेणार होतो."

हे वाक्यसुद्धा मी मैत्रिणींना त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. खूप हशा मिळाला. मी अशी आहे.

शर्यत सुटली. मी फर्मास सुरुवात केली. वल्ह्यांचा ठेका, ढोलाचा ठेका, पाहुणे खूष. आणि बरोबर मध्यावर दोन्ही होड्या गच्चकन थांबल्या. वर कुठल्यातरी धरणानं दार लावलं होतं आणि सकाळपासून पाणी गुपचूप उतरत होतं. मधला वाळूचा पट्टा वर आला होता, त्यात होड्या रुतल्या. वल्हेकरी बसस्टॉपवर बसावेत तसे रांगेनं बसून राहिले.

आमचे लोक ढकलायला खाली उतरले, तसा समोरचा भोंगा खेकसला, "ओ शेजारी! नदीतली बेटं करारानं आमची आहेत! परदेशात आलात, निदान चपला तरी काढा!"

"होडी रुतली आहे," मी म्हटलं. थोड्या वेळानं म्हटलं, "अजूनही रुतलेली आहे."

मग मी नकला काढल्या. मास्तर झाले, विहाराचे महास्थविर झाले, भाजीची गाडी झाली. सरपंचसुद्धा झाले, आणि शेजारी बसलेले खरे सरपंच माझ्याकडे बघायला लागले. मग साठा संपला. पहिल्यांदाच माझा स्वतःचा आवाज भोंग्यातून आला: "तर... मी कोप." पुढे काहीच सुचेना.

पलीकडून पा विएंगसाय: "काय गं बेडके, पाण्याबरोबर तूपण आटलीस?"

लुंग मागे उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालूनच आले होते. मी माइक त्यांच्या हातात कोंबला. सरपंचांनी डोळे मिटले.

"अहेम! ही आपली माता उगम पावते ती तिबेटच्या बर्फात!"

पण यंदा कुणी वल्हवत नव्हतं. नदी चीनमध्ये उतरली. "तिथं तिला पायरीपायरीवर धरणं अडवतात, बंधूंनो! म्हणून तर आज आपल्या होड्या बसल्यात!" लोक "होऽऽ" म्हणाले. लुंगच्या भूगोलाचा कुणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ. मग साहेबाची रेघ आली. "माझ्या पणजोबांची सख्खी बहीण समोरच्या काठावर दिलेली. सकाळी उठली तर परदेशी झालेली!"

"ती आमच्या गल्लीतली!" पा विएंगसाय ओरडली. "तिची नातवंडं इथंच आहेत!"

इथून पुढची नदी आमच्यापैकी कुणीच ऐकली नव्हती. दक्षिणेला मोठा धबधबा लागला.

"तो आमचा! नीट सांगा!"

"तुमचाच, बाई, तुमचाच!"

मग कंबोडिया. तिथं एक तळं आहे, पावसाळ्यात त्याची नदी उलटी वाहते.

"थापा!" लोक ओरडले.

"आईशप्पथ!" लुंग म्हणाले. मग व्हिएतनाम. नदीला फाटे फुटत गेले. लुंगचा आवाज खाली आला. "आणि... समुद्र."

समोरचा भोंगा हळूच म्हणाला, "कसा आहे हो?"

"कुणास ठाऊक," लुंग म्हणाले. "मीही आत्ताच पोचतोय."

टाळ्या दोन्हीकडून आल्या. त्या थांबल्यावर कुणाच्यातरी लक्षात आलं की ढकलून ढकलून होड्या केव्हाच वाळूतून सुटल्या होत्या आणि वल्हेकरी शेवटच्या खांबापाशी अंग पुसत उभे होते.

"कोण जिंकलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"आम्ही!" पा विएंगसाय.

"आम्ही!" सरपंच.

"आणि ऐका," ती पुढे म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हाताऱ्याला माइक दिला नाहीत तर आमची होडी येणार नाही. मग जिंकत बसा एकटेच!"

एकट्यानं जिंकण्यात कसली मजा? सरपंचांनी तिथल्या तिथे माइक लुंगला दिला. मलाही काम मिळालं: लुंगशेजारी बसायचं, शर्यतीवर नजर ठेवायची आणि होड्या खांबाजवळ आल्या की त्यांचा शर्ट ओढायचा. कुठल्या बाजूला बसायचं ते त्या दिवशीचा वारा बघून ठरवीन.