बगलेतली गाठ

आमच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा यांच्या मानेला गाठी आल्या. एकोणीसशे तीसनंतरचा तो काळ. गाठी दुखत नसत. कधी फुगत, कधी आपोआप बसत. नाशकात सगळे म्हणायचे, गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय. सासूबाईंनी लेप लावले, वैद्यांनी पथ्य सांगितलं. हे तांबट आळीत हंडे घडवायचे. संध्याकाळी दमून आले की मी मानेला तेल चोळायची. एकेक गाठ माझ्या बोटांच्या ओळखीची झाली होती.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी एक गाठ काढून तपासली. म्हणाले, "क्षय नाही. हा गाठींचाच आजार आहे, पण सावकाश चालणारा. बरीच वर्षं असाच राहू शकेल."

विजेचा शेक, म्हणजे क्ष-किरणांचा, तेव्हा नवाच होता. तो दिल्यावर गाठी विरघळल्यासारख्या झाल्या. परतताना इगतपुरीला गाडी थांबली, तर हे फलाटावर उतरून चहा पिऊन आले.

पुढची वर्षं बरी गेली. मुलगी झाली. गाठी परत दिसू लागल्या, तरी आम्ही घाबरलो नाही.

एका सकाळी अंघोळ करून आल्यावर हे म्हणाले, "बगलेत बघ जरा."

मी हात लावला. सुपारीसारखी कडक, जागची न हलणारी गाठ.

"ही नेहमीची नाही," मी म्हणाले.

"मग पाहुणी असेल," म्हणून हे हसले.

पाहता पाहता ती लिंबाएवढी झाली. ताप येऊ लागला, घामानं गोधडी भिजायची. अंगावरचे कपडे सैल झाले. मुंबईला पुन्हा गाठीचा तुकडा काढून तपासला.

"आजार तोच आहे, पण त्याचा प्रकार बदललाय," डॉक्टर म्हणाले. "सावकाश होता, तो आता झपाट्यानं वाढतोय. काहींच्या बाबतीत असं होतं. का, ते आम्हालाही कळत नाही."

"कधी बदलला?" यांनी विचारलं.

"सांगता येणार नाही. कदाचित तुम्हाला काही जाणवायच्या आधीच."

शेकानं गाठ थोडी बसली, पण लगेच उसळली. थंडी पडायच्या आत हे गेले.

जाऊबाई म्हणतात, चांगली वर्षं तरी मिळाली. मिळाली खरी. पण त्यातला कुठलाही दिवस, अगदी मुलीच्या बारशाचासुद्धा, आठवायला घेतला की मी मनातल्या मनात आधी यांची बगल चाचपते.