छप्पन्न घरं, पन्नास फेऱ्या

माझ्या मावशीचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. मी त्यांना काका म्हणतो. चोवीस वर्षं ते एकाच कंपनीत आहेत, आणि शहरातल्या साठेक इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूमच्या किल्ल्या त्यांच्या जुडग्यात असतात. स्वतःचं घर मात्र नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "साठ इमारतींत सगळ्यात वरचा मजला माझाच आहे. फक्त झोपू देत नाहीत."

हा विनोद मावशीने इतक्यांदा ऐकला होता, की ते नुसतं "साठ" म्हणाले तरी ती उठून आत जायची.

लग्नापासून त्यांनी भाड्याची पाच घरं बदलली होती. दर वेळी सामान बांधताना मावशी एखादी वस्तू कमी करायची आणि नवी काही घ्यायची नाही. सगळं "घर झाल्यावर". पडदेसुद्धा तिने शिवले नव्हते, कारण एका घराच्या खिडकीला बेतलेलं कापड पुढच्या घरी आखूड पडतं, हे तिने दोनदा अनुभवलं होतं. खिडक्यांना जुन्या चादरी. वॉशिंग मशीन नाही, कारण पुढच्या घरी नळ कुठे असेल कोण जाणे. माझी मावसबहीण सतरा वर्षांची झाली तरी तिचं अभ्यासाचं टेबल म्हणजे इस्त्रीचं टेबल. मावशी इस्त्रीला आली की ती मुकाट्याने पुस्तकं उचलून पलंगावर जायची.

मावशी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. गेल्या वर्षी ती म्हणायला लागली, "लोक आता अख्खी पट्टी घेतच नाहीत. डॉक्टरने दहा गोळ्या लिहिल्या तरी 'चारच द्या' म्हणतात. पट्ट्या कापून कापून माझ्या कात्रीची धार गेली." काकांच्या कंपनीतही ओव्हरटाइम बंद झाला होता. ऑफिसातली दोन माणसं एका शुक्रवारी घरी गेली ती सोमवारी आलीच नाहीत, त्यांना येऊ नका असं सांगितलं होतं.

"नोकरीचा भरवसा नाही, म्हणून डोक्यावर आपलं छप्पर हवं," मावशी म्हणायची.

"नोकरीचा भरवसा नाही, म्हणून डोक्यावर कर्ज नको," काका म्हणायचे.

मला दोघांचंही पटायचं. त्याचा दोघांनाही काही उपयोग नव्हता.

शेवटी मावशीच जिंकली, कारण तिच्याकडे एक तारीख होती. बँक काकांना साठाव्या वर्षापर्यंतच कर्ज देणार होती. ते सेहेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे फेडायला चौदा वर्षं. पुढच्या वाढदिवसानंतर तेरा. वर्षं कमी झाली की हप्ता वाढणार, आणि हप्ता झेपेनासा झाला की कर्जाची रक्कमच कमी होणार. मावशीने बँकेचं मंजुरीचं पत्र आणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. पत्राची मुदत तीन महिन्यांची. "आता दिवस बघायला गेलात तरी हेच दिसेल," ती म्हणाली.

त्याच सुमारास मावशीला एक फ्लॅट आवडला. सात मजली नवी इमारत, छप्पन्न घरं, दोन लिफ्ट. सहाव्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल, आणि स्वयंपाकघराला अशी खिडकी की समोर दुसऱ्या कोणाची खिडकी नाही. मावशी त्या खिडकीपाशी पाच मिनिटं उभी राहिली. मावसबहिणीने तेवढ्यात आतल्या छोट्या खोलीत वितीवितीने भिंत मोजली आणि "टेबल बसतंय" असं जाहीर केलं. विक्री ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, "सहाच फ्लॅट उरलेत. महिनाअखेरीला भाव वाढणार आहे. टोकन भरून ठेवा."

झालं असतं. पण त्या इमारतीच्या लिफ्ट काकांच्या कंपनीच्या होत्या आणि देखभालीला काकाच जायचे.

लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक लोखंडी कपाट असतं, त्यात ती चालवणारं सर्किट. त्याच्या छोट्या पडद्यावर लिफ्टने आजवर किती फेऱ्या मारल्या तो आकडा दिसतो. दर महिन्याच्या भेटीत काका तो वहीत टिपतात. त्यावरून ब्रेकचं अस्तर आणि दोर किती झिजले असतील ते कळतं. त्या रविवारी काका वही घेऊनच चहाला बसले. मी आलोच होतो.

"हे बघ," ते मला म्हणाले. "दोन्ही लिफ्ट मिळून गेल्या महिन्यात पंधराशे फेऱ्या. दिवसाला किती?"

"पन्नास."

"एक घर दिवसाला किती फेऱ्या करतं? मी चोवीस वर्षं बघतोय. शाळा, ऑफिस, दूध, कचरा, सगळं धरून सहा. मग किती घरं झाली?"

"आठ," मी म्हणालो.

"छप्पन्नमध्ये आठ! आणि ती पोरगी मला सांगते सहा उरलेत. अरे, अठ्ठेचाळीस उरलेत." त्यांनी वही मिटली. "बिल्डर अडकलाय. अजून दोन महिने दम धरला तर तो आपल्या पाया पडेल."

मी इलेक्ट्रिकल शिकलोय. मोजलेल्या आकड्यावर माझा लगेच जीव जडतो. मी तिथल्या तिथे मोबाइलवर सहा महिन्यांच्या फेऱ्यांचा आलेख काढला. रेघ जवळजवळ आडवी. "काका म्हणतात ते बरोबर आहे गं मावशी," मी म्हणालो. "कोणी नवीन राहायलाच येत नाहीये." तो आलेख मी काढायला नको होता.

मावशीने तरी एका संध्याकाळी जाऊन खालून उजेडाच्या खिडक्या मोजल्या. नऊ. ती घरी येऊन म्हणाली, "ठीक आहे. दोन महिने. पण पत्राची मुदत संपायच्या आत."

काकांनी मग घासाघीस सुरू केली. विक्री ऑफिसात जाऊन बारा टक्के कमी मागितले. ती मुलगी हसली. "काका, असं कसं? विकलेत हो फ्लॅट."

"विकलेत, मग माणसं कुठायत?"

"येतील ना राहायला."

"बाळ, तुझ्या लिफ्टला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही. ती काय म्हणते ते मला माहीत आहे."

मुलीने खांदे उडवले. तिला खोटं बोलताना पकडल्यासारखं काकांना वाटलं. घरी येऊन त्यांनी तिची नक्कलसुद्धा करून दाखवली. महिनाअखेरीला भाव वाढला. "दाखवायला वाढवलाय," काका म्हणाले. पुढच्या भेटीत फेऱ्या बावन्न. "दोन वाढल्या," मावशी म्हणाली. "पाहुणे असतील," काका म्हणाले. मध्येच त्यांचा वाढदिवस येऊन गेला. केक कापताना मावशी कॅलेंडरकडे बघत होती आणि काका केककडे. बँकेच्या पत्राची मुदत संपायला नऊ दिवस उरले, तेव्हा मावशीने दुकानातून फोन केला. "आज जाऊन देऊन टाका टोकन. मागतील तो भाव द्या."

"उद्या त्याच इमारतीत सर्व्हिसिंगला जायचंच आहे," काका म्हणाले. "उद्या देतो. एक आकडा बघतो आणि देतो."

दुसऱ्या दिवशी ते गेले तर लॉबीत टेबल मांडलेलं. बिल्डरने इमारत मालकांच्या संघटनेच्या ताब्यात दिली होती, त्यामुळे लिफ्टच्या देखभालीचा करारही आता त्यांच्या नावावर व्हायचा होता. नवे सेक्रेटरी काकांचीच वाट बघत होते. करारासोबत सभासदांची यादी जोडलेली होती, आणि कंपनीच्या प्रतीवर काकांना पानोपान सही करायची होती.

छप्पन्न फ्लॅट. छप्पन्नांपुढे नावं. एका दाताच्या डॉक्टरचं नाव पाच वेळा. एका बाईचं चार वेळा, सगळे एकाच मजल्यावर. एका माणसाचं तीन वेळा आणि त्याच्याच आडनावाचं आणखी दोनदा. सहाव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटपुढे सहा दिवसांपूर्वीची तारीख आणि त्याच दाताच्या डॉक्टरचं नाव. तो त्याचा पाचवा.

सगळी घरं विकली गेली होती. राहायला कोणी यायचंच नव्हतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनाही उद्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी तो भिंतींत घालून कुलूप लावलं होतं. लिफ्टचा आकडा खरा होता. काकांनी त्याला भलताच प्रश्न विचारला होता, आणि मी त्याचा आलेख काढून दिला होता.

"एक विनंती होती," सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्ट फारशी कोणी वापरतच नाही. तर देखभालीचे दर जरा कमी करता येतील का?"

काका मला हे सांगत होते तेव्हाही त्यांचा आवाज चढला होता. "मी त्यांना म्हटलं, साहेब, न वापरलेली लिफ्ट जास्त बिघडते. ते म्हणाले, असं कसं? मी म्हटलं, असंच. आणि वर जाऊन अर्धा तास नुसता बसलो."

मावशीला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग कॅलेंडरच्या खिळ्याचं पत्र काढलं, त्याची नीट चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. "जेवायला बसा," एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मावसबहीण मला नंतर म्हणाली. चार दिवस घरात फक्त भांडी वाजत होती.

पाचव्या दिवशी तिने दुकानातून सुट्टी घेतली आणि मला बरोबर घेऊन बँकेत गेली. "आलेख काढतोस ना तू? चल मग." जुन्या पत्राचे तीन-चारच दिवस उरले होते, तेवढ्यात दुसरं घर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून पत्र नव्याने करावं लागलं. चौदाऐवजी तेरा वर्षं आणि व्याजही पाव टक्का वर गेलेलं. आधी मिळणार होती ती रक्कम आता मिळणार नव्हती. मी खुर्चीत बसून मोबाइलवर फरक काढत होतो. मावशी म्हणाली, "ठेव ते. फरक बघून काय करू? तेवढ्यात काय मिळतं ते बघू."

तेवढ्यात मिळत होतं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, तीस वर्षं जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एकच खोली आणि हॉल. लिफ्ट नाही. तिने मला तोंड उघडू नको म्हणून बजावलं आणि दोनदा एकटीच जाऊन बघून आली. तिसऱ्या वेळी टोकनचा चेक लिहूनच सगळ्यांना घेऊन गेली.

मालक म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, मुलाकडे राहायला निघालेले. त्यांनी पाणी दिलं. काका टॉर्च घेऊन विजेचा बोर्ड उघडून बघू लागले, मग भिंत वाजवून बघू लागले. मावसबहीण हॉलच्या कोपऱ्यात गेली आणि वीत लावता लावता थांबली.

"मी इथे झोपणार?" तिने विचारलं.

"इथेच. आणि अभ्यासही इथेच," मावशी म्हणाली.

"आणि कोणी आलं तर?"

"तर म्हणायचं, अभ्यास चाललाय."

काकांनी मावशीला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. हळू बोलत होते, पण ते घर फार लहान होतं. "अगं, लिफ्ट नाही. तुझे गुडघे बघ. उद्या पन्नाशीनंतर तीन मजले रोज—"

"गुडघे माझे आहेत."

"मला रोज दीड तास जायला, दीड तास यायला. हप्त्यासाठी रविवारची ड्युटीही घ्यावी लागेल."

"घ्या."

"आणि या माणसाला घाई आहे. मुलाकडे जायचं तिकीट काढून झालंय, त्यानेच सांगितलं आत्ता. एक महिना थांबलो ना, तर हा नक्की खाली येईल."

मावशी वळली. "हे कुठल्या पडद्यावर वाचलंत?"

बाहेर मालक खाकरले. "मग काय ठरलं? दोन-चार दिवसांत कळवता का? अजून एक जण बघून गेलेत."

काकांनी सवयीने तोंड उघडलं. मावशीने चेक टेबलावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा पेला, पंख्याने उडू नये म्हणून. "कळवायचं काही नाही. कागद काढा," ती म्हणाली.

काकांनी सही केली. हजारो वेळा वहीत सही करणारा माणूस, पण पेन दोनदा कागदावर टेकवून उचललं. त्यांनी मालकांना तारीख विचारली, मग स्वतःच कॅलेंडरवर बघून लिहिली. घर झालं होतं. कोणी कोणाचं अभिनंदन केलं नाही. मावसबहीण दाराबाहेर जाऊन चपला घालून उभी होती.

उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मावशी कठड्याला धरून थांबली. गुडघा असावा. काकांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हटलं होतं ना" असं त्यांना म्हणायचं होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. म्हणाले नाहीत. त्याऐवजी जिन्याच्या मधल्या रिकाम्या जागेतून वर बघितलं, मग खाली वाकून बघितलं, हाताने रुंदी मापली.

"लहान लिफ्ट बसेल इथे," ते म्हणाले. "चौघांची. सगळ्या मालकांच्या सह्या लागतील. चोवीस घरं आहेत. आधी त्यातली किती राहती आहेत ते बघावं ला—"

"अहो," मावशी म्हणाली, "आधी खाली उतरा."