नेलकटर शाळेत गेलं त्याची गोष्ट

…तर काल गोष्ट नेलकटर हरवलं तिथपर्यंत आली होती. माझ्या दाढीच्या डब्यातलं ते नेलकटर म्हणजे या घरातली एकमेव वस्तू, जिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. ते गायब झालं आणि मी घर डोक्यावर घेतलं. आमची ही शांतपणे म्हणाली, "अहो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता तुम्ही. त्याचंही तसंच असेल."

त्याआधी काही दिवस आमच्या नातीचं सकाळी पोट दुखत होतं. नात पहिलीत. अंगानं एवढीशी, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की पोट दुखायचं, व्हॅन निघून गेली की थांबायचं. शेवटी सुनेनं तिची बाही वर केली, तर दंडावर नखांचे लालबुंद चंद्र. व्हॅनमध्ये शेजारी बसणारा तिसरीतला एक दांडगा पोरगा खिडकीच्या जागेसाठी चिमटे काढायचा. पोरं त्याला पैलवान म्हणत.

"मी शाळेत जाणारच नाही," मुंगी म्हणाली. ही तीच पोर, जी रविवारी दप्तर पाठीला लावून घरभर फिरते.

झालं, सभा भरली. मुलगा म्हणाला, "तूपण दे एक ठेवून." सून म्हणाली, "भलतं शिकवू नका. मी बाईंशी बोलते." मी आमच्या गावच्या शाळेतली एक हकिकत काढली, पण ती कुणी पुरी होऊ देईना. मुंगी आपली दंड निरखत बसलेली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, त्याची नखं कोण कापतं?"

"आई कापत असेल."

"नाही कापत. काळी आहेत."

दुसऱ्या दिवशी पोट दुखलं नाही. मुंगी मुकाट्यानं व्हॅनमध्ये जाऊन बसली. मुलाला वाटलं, आपला सल्ला पटला. सुनेला वाटलं, बाईंना केलेल्या फोनचा गुण. मला वाटलं, माझ्या अर्ध्या हकिकतीनंच काम केलं. नेलकटर त्याच सकाळी गेलं, याचा मेळ मात्र एकानंही घातला नाही.

शनिवारी सुनेनं कंपासपेटी उघडली आणि नाक मुरडलं. आत माझं नेलकटर, आणि शेजारी जाडजूड, काळ्या कडांची नखं.

"अगं, ही कुणाची घाण?"

"पैलवानाची. मैदानावर कचरा टाकायचा नाही, बाई ओरडतात."

मधल्या सुट्टीत, नळापाशी हा कारभार झाला होता म्हणे.

"आणि त्यानं मुकाट हात पुढे केला?" मी विचारलं.

"आधी नाही केला. मग मी माझं एक कापून दाखवलं. मग म्हणाला, काप, पण अंगठा हळू. डोळे गच्च मिटून बसला होता. सारखं आपलं, झालं का, झालं का."

मला हसू आवरेना. "म्हणजे आता चिमटे बंद?"

मुंगीनं नेलकटर फ्रॉकला पुसलं, माझ्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाली,

"काढतो की, सवय आहे त्याला. पण आता लागत नाही. आणि नखं वाढली की त्यानंच मला सांगायचं, असं ठरलंय आमचं."