अमृत चौघडीतलं बुकिंग

लग्न जुळायच्या आधी अकोल्याला त्यांच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"तुमी नेमकं करता काय?"

मी म्हटलं, वेबसाइट बनवतो. पण पडद्यावर दिसते ती बाजू नाही, मागची. म्हणजे आपण बटण दाबलं की पलीकडे सर्व्हरवर जे घडतं, ते मी लिहितो.

"म्हंजे जे दिसत नाही, ते तुमी करता."

हे गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात. मीटरच्या मागच्या बाजूला माणसं काय काय उद्योग करतात, हे पाहण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मी आपल्याच तोंडाने गुन्हा कबूल करून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी हजार मीटर पाहिले असतील. मी पोहे खात राहिलो. दुसरं करणार काय? मुलगी मला आवडली होती, आणि फार आवडली होती.

तरी जमलं. साक्षगंध झालं, मी त्यांना 'मामाजी' म्हणू लागलो. पण माझ्या कामाबद्दलचा त्यांचा संशय काही गेला नाही. एकदा त्यांनी मला माझं काम 'दाखवा' म्हणून फर्मावलं. तेव्हा आम्ही, म्हणजे मी आणि कॉलेजपासूनचा माझा मित्र असलेला भागीदार, अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट नुकतीच करून दिली होती. तारीख निवडा, बटण दाबा, हॉल तुमचा. मी मोठ्या ऐटीत त्यांना पत्ता पाठवला.

थोड्या वेळाने फोन आला. "जवाईबापू, हे भातकुलीचे कोन हायत? त्यांच्या पोराच्या बारशाले किती पानं हायत, ते मले काहून दिसून राहिलं?"

मामाजींनी एक नमुना बुकिंग उघडलं होतं. वर पत्त्यात शेवटी एक आकडा होता. त्यांनी तो खोडून पुढचा टाकला. बस. आमच्या सर्व्हरने 'तुम्ही कोण' असं विचारायच्या ऐवजी भातकुलीकरांचं अख्खं बारसं त्यांच्यापुढे मांडलं. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की समोरून येणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. पण आम्ही पडलो वऱ्हाडातले. दारात आलेल्याला 'कोण तुम्ही' विचारण्याआधी 'चहा घेता का' विचारणारे. ती सवय प्रोग्राममध्येही उतरली होती.

"शेजाऱ्याचं मीटर आपल्या घरात बसून वाचता येते, असं झालं हे," मामाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट जरा तरतरी आली होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना धाड टाकायला मिळाली होती.

आम्ही ती चूक दुरुस्त केली. मग त्यांनी जाहीर केलं, की लग्नाचा हॉल याच वेबसाइटवरून घ्यायचा. "धड झालं, तं मी मानतो का तुमी काही करता."

आता यात खरी अडचण तारखेची होती. त्यांच्या जोशीबुवांनी आमच्या दोघांच्या पत्रिका पाहून मार्गशीर्षातली एकच तारीख काढली होती. गोरज मुहूर्त. ती हुकली तर थेट पुढच्या उन्हाळ्यात. मामाजी म्हणाले होते, "ती गेली, तं मंग पुढचं पुढं पाहू." मी हे हसण्यावारी नेलं. पण त्यांच्या मुलीने फोनवर मला बजावलं, "हसू नका. आमच्या ताईचं पहिलं लग्न असंच मोडलं होतं. आमच्या घरी 'पुढचं पुढं पाहू' म्हणजे काय असते, तुमाले माहीत नाही." त्या दिवसापासून मला ते वाक्य स्वप्नात ऐकू यायला लागलं.

कार्यालयाच्या मालकाने लग्नाच्या मोसमाचं बुकिंग दिवाळीच्या पाडव्याला उघडायचं ठरवलं. पाडव्याला अकोल्याला काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. पाटावर मोबाइल ठेवला. त्याला हळदकुंकू वाहिलं. ते चार्जिंगच्या भोकात गेलं म्हणून तिच्या आईला बोलणी बसली. पंचांग उघडून अमृत चौघडी कधी लागते ते पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळावर भरवसा नाही म्हणून रेडिओ लावला. चौघडी लागली, आणि मामाजींनी तर्जनीने असं बटण दाबलं, की जणू मेन स्विचच बंद करत आहेत. 'आपले बुकिंग निश्चित झाले आहे. अभिनंदन!' घरात पेढा फिरला. मला फोनवर "मानलं" असा एक शब्द मिळाला. मी त्या शब्दावर दिवसभर हवेत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बुकिंग सहज पाहावं म्हणून पुन्हा उघडलं. लगेच मला फोन.

"जवाईबापू, हे कोन बोलून राहिलं मले?"

"कोण, मामाजी?"

"तुमची वेबसाइट. म्हनते, 'असं होऊच शकत नाही बे! झालंच असन तं तूच निस्तर.'"

मी भाषा ओळखली. ते वाक्य माझ्या भागीदाराने माझ्यासाठी लिहिलं होतं. काम करताना आम्ही एकमेकांना असे निरोप प्रोग्राममध्येच ठेवायचो, आणि वेबसाइट लोकांसाठी उघडताना ते काढून टाकायचे असतात. हा राहिला होता. पण भाषा बाजूलाच राहू द्या, तो निरोप मुळात एकाच प्रसंगासाठी होता: एकाच तारखेला, एकाच वेळेला, एकाच हॉलमध्ये दोन लग्नं आली तर.

आली होती. मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या मुलीचं लग्न, तीच तारीख, तोच गोरज मुहूर्त. त्यांनाही अभिनंदन गेलं होतं. बहुतेक पेढेही वाटून झाले होते.

झालं असं होतं, की आमचा प्रोग्राम आधी तारीख मोकळी आहे का ते बघायचा आणि मग नोंद करायचा. या दोन्हींच्या मध्ये जी फट होती, तिच्यात दोघंही शिरले. एस.टी.च्या दोन खिडक्यांतून दोन माणसांना एकच सीट रिकामी दिसावी आणि दोघांनी एकदमच रुमाल टाकावा, तसं. 'एका दिवसाला एकच नोंद' असा नियम घालता आला असता; पण मालक सकाळी बारसं आणि संध्याकाळी लग्न असे दोन कार्यक्रम घ्यायचा, म्हणून तोही घातला नव्हता. हा धोका आम्हाला ठाऊक नव्हता असं नाही. भागीदार तेव्हा म्हणाला होता, "अमरावतीत दोन मानसं एका टायमाले कुठं पोचली, असं पाहिलं का कधी तू?" मला ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

मालकाने सगळ्यांना बोलावून घेतलं. कार्यालयाच्या ऑफिसात मामाजी, तिची आई, ती, मोर्शीचे बागायतदार, मी आणि भागीदार असे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मालक पुन्हा पुन्हा एवढंच म्हणे, "कॉम्प्युटरनं केलं, म्या नाही." त्याने प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

"बटन कधी दाबलं तुमी?" मामाजींनी मोर्शीकरांना विचारलं.

"अमृत चौघडी लागली, तवा."

मामाजींनी खिशातून पंचांग काढलं. मोर्शीकरांनी पिशवीतून काढलं. दोन्ही एकच. दोघांनी एकाच पानावर एकाच ओळीवर बोट ठेवलं आणि दोघंही माझ्या भागीदाराकडे वळले.

तो बिचारा घामाघूम. "काका, आमी बौद्ध. आमच्या घरी मुहूर्त पाहतच नाहीत. मायबापाचं लग्न रविवार पाहून झालं, सगळ्याले सुट्टी असते म्हनून. मले काय मालूम, का अख्खा जिल्हा एकाच मिनिटाले बटन दाबते?"

मामाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"मंग? कसं चाललं त्यांचं? मायबापाचं?"

"भांडतात," तो म्हणाला. "पन संगंच."

मालकाने सुचवलं, एक लग्न सकाळी, एक संध्याकाळी. दोघांनीही पंचांग चाळलं. सकाळी मुहूर्तच नव्हता. मोर्शीकर शांतपणे म्हणाले, "मी काही हटत नाही, पाव्हनं. पोरीच्या मायले शब्द देल्ला हाय." मामाजींनी पंचांग मिटलं, खिशात टाकलं, उठले. मला कळून चुकलं, की ते वाक्य आता येणार.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पुढचं पुढं—"

"बाबा." ती खुर्चीवरूनच बोलली, आवाज न चढवता. "मले मुहूर्ताशी लग्न नाही करायचं. त्यायच्याशी करायचं हाय. सकाळी करा."

तिची आई पदर तोंडाला लावून बसली, रडत होती का हसत, कळायला मार्ग नव्हता. मामाजी बाहेर व्हरांड्यात गेले. तिथे भिंतीवर कार्यालयाचा मीटर होता. ते त्याच्यासमोर उभे राहिले. बराच वेळ. इकडे मालकाचा चेहरा पांढरा पडत चालला होता, का ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. मग ते आत आले.

"सकाळचं चालन," ते म्हणाले.

प्रोग्राम दुरुस्त करणं चार ओळींचं काम निघालं. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने दाराशी थांबायचं, एवढंच त्याला शिकवायचं होतं. ते 'बे'वालं वाक्यही काढलं.

पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा छापखानेवाला अडला. मुहूर्ताच्या जागी काय टाकू? नुसतं 'सकाळी' बरं दिसत नाही, म्हणे. मामाजींनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "लिही, सर्व आल्यावर."

तसंच छापलं. लोकांना वाटलं, छपाईची चूक आहे. निम्म्या वऱ्हाडाचे फोन आले. "म्हंजे आमी आल्यावरच ना?" तर मामाजी प्रत्येकाला गंभीरपणे हो म्हणत.

लग्नाच्या दिवशी मी पाटावर उभा, समोर अंतरपाट, पलीकडे ती. सगळ्यांच्या हातात अक्षता. गुरुजींना पुढे आणखी एक लग्न लावायचं होतं, त्यांनी सूर धरलाच होता. मामाजींनी हात वर केला.

"कोनी राहिलं का?"

माझ्याकडच्या माणसांत कुजबुज झाली. "आत्या राहिली. पण ती नेहमीचीच आहे, तिच्यासाठी नका थांबू."

खरं होतं. माझी आत्या भातकुलीजवळच्या खेड्यात एकटी राहते. जनावरांचं आटोपून निघायची, म्हणून कुठल्याही लग्नात ती पोचायची तेव्हा पंगत बसलेली असायची. आम्ही भाचे तिला त्यावरून चिडवायचो. तीही हसायची.

"पत्रिकेत काय लिवलं हाय?" मामाजी म्हणाले. "थांबा."

थांबलो. गुरुजी तीनदा घड्याळ बघून आले. मोर्शीकरांचे फुलवाले संध्याकाळची सजावट घेऊन आले, तेही थांबले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, माणसं बदलली. अंतरपाटाच्या खालून मला तिचे पाय दिसत होते. ते मात्र अगदी निवांत होते.

मग फाटकातून आत्या आली. सावकाश, पिशवी सांभाळत, लग्न झालेलंच असणार अशा चालीने. सगळा मांडव आपल्याकडे बघतोय हे पाहून ती दारातच थबकली.

"काहून थांबले रे? काय झालं?"

"तुमच्यासाठी," मामाजी म्हणाले, आणि त्यांनी आपल्या हातातल्या निम्म्या अक्षता तिच्या हातात ओतल्या.

तिला क्षणभर कळलंच नाही. मग ती मुठीकडे बघत राहिली. "एवढ्या लेकरायची लग्नं झाली," ती म्हणाली, "पन माह्या हातच्या अक्षता आजवर कोनाच्याच डोक्यावर पडल्या नाहीत."

गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. आत्याला टाकायचा सराव नव्हता. तिच्या बहुतेक अक्षता माझ्या डोळ्यात गेल्या.