आईचे केस

सकाळी उठल्याउठल्या आईला उलटी व्हायची. पित्त समजून आम्ही सुंठ-साखर देत राहिलो. तिला अंधुक दिसू लागलं, तेव्हा कुठे इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

"मेंदूत गाठ आहे," ते म्हणाले. "कवटीत जागा नाही, म्हणून दाब वाढतोय. मुंबईला ऑपरेशन करा, नाहीतर आधी डोळे जातील, मग जीव."

"आणि केस?" आईनं विचारलं.

"काढावे लागतील. पुन्हा येतील."

आईनं घाबरून बाबांकडे पाहिलं. आमच्या घरात विधवा आत्या होती. नवरा गेला तेव्हाच तिचं डोकं भादरलं होतं. मध्यभारत सरकारच्या कचेरीत हुद्द्यावर असलेले माझे बाबा म्हणाले, "मी जिवंत असताना? ये नहीं हो सकता, डॉक्टरसाब." आणि आईला चक्क हायसं वाटलं!

पावसाळ्यात ती आंधळी झाली. मी वेणी घातली की बोटांनी चाचपून ती लांबी बघायची. दिवाळीआधी गेली. मळवट भरताना बायका म्हणाल्या, "भाग्याची गं! भरल्या केसांनी, अहेव गेली."

कोपऱ्यात बसलेल्या आत्यानं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"माझे काढले होते," ती म्हणाली. "मी मेले का?"